कुंदाबाईंच्या नंबरावरून

पिंपळखेडे, ता. रावेर
१४ नोव्हेंबर २०२४

भूमिका,

सोमवारी सकाळी आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि ओट्यावर बसून तुझा नंबर आमच्या हरिपाठाच्या ग्रुपमध्ये टाकला. आधी चुकून अक्काचाच नंबर दाबला गेला. तुझ्या आईने दीपनगरहून लगेच फोन केला, म्हणाली, मला कशाला घेतलं, एवढे राम कृष्ण हरी माझ्याच्यानं वाचले जात नाहीत. तिला काढलं आणि तुला घेतलं. खाली लिहिलं, 'ही माझी भाची भूमिका, अक्काची मुलगी.' सत्तावीस जणांनी हात जोडले.

तू पाठवलेलं संमतीपत्र दोनदा वाचलं. सर्वांना विचारलं. कोणाचीही ना नाही. 'समूहाचा प्रमुख' असं छापलेलं होतं तिथे शाईच्या पेनने सही केली आहे. प्रमुख वगैरे मी नाही, ग्रुप मी सुरू केला इतकंच.

एक मात्र कळत नाही. मानववंशशास्त्र म्हणजे सातपुड्यात पाड्यांवर जाऊन राहायचं, त्यांची भाषा शिकायची, असं मी समजत होतो. तू धुळ्याच्या खोलीत बसून फोनमध्ये आम्हाला बघणार. त्यात आम्ही असतो तरी कितीसे? मी दिवसभर लोकांच्या केळीत ठिबकच्या नळ्या जोडतो, फोन पिशवीत असतो. संध्याकाळी देवळात हरिपाठ, मग जेवण. तुला यात काय सापडणार, देव जाणे. पण अक्काची मुलगी मागते आणि मी नाही म्हणायचं, हे व्हायचं नाही.

फोनवर बोलताना मला सुचत नाही. विचारायचं ते पत्रानेच विचार.

जीवराममामा


धुळे
२६ नोव्हेंबर २०२४

मामा,

सही मिळाली. तुमच्या एका सहीने माझं तीन महिन्यांचं अडलेलं काम सुटलं.

तुम्ही विचारलंत ते बरोबर आहे. पूर्वीचे अभ्यासक गावात जाऊन राहायचे. कोण कोणाकडे जातं, कोण कोणाच्या ओट्यावर बसत नाही, हे वर्ष-वर्ष पाहायचे. आता ओट्यावरचं निम्मं बोलणं फोनमध्ये गेलं आहे, म्हणून आम्ही तिथे राहायला जातो. दोन दिवस डोकावून चालत नाही. महिनोन्महिने रोज त्या माणसांबरोबर असावं लागतं, त्यांच्यासारखं उठावं लागतं. झुलालबाबांचा पहिला राम कृष्ण हरी सव्वापाचला येतो, म्हणून मीही सव्वापाचला उठते. वही शेजारी असते. कोणी काय लिहिलं, त्यावर कोण गप्प राहिलं, ते सगळं टिपते. घरमालकीण काल म्हणाली, "पोर, बठ्ठा दिन दुसरासनं वाचस, तुन्हं कोन वाचस?" दिवसभर दुसऱ्यांचं वाचतेस, तुझं कोण वाचतं, असं तिचं म्हणणं.

आता प्रश्न. सुरतेला गेलेले लोक गावातल्यांपेक्षा लवकर उत्तर का देतात? कोणी केळीचा भाव टाकला तर तुम्ही चालवून घेता, निवडणुकीचा व्हिडिओ मात्र न बोलता काढून टाकता, हा नियम कोणी ठरवला? हात जोडणं आणि फूल टाकणं यांत फरक आहे का?

आणि कुंदाबाई कोण? त्यांचा नमस्कार रोज बरोबर सहाला येतो, मग दिवसभर काहीच नाही.

तुमची,
भूमिका


पिंपळखेडे
५ जानेवारी २०२५

भूमिका,

तुझे प्रश्न खिशात घालून महिनाभर फिरतो आहे. थंडीने केळीची पोगं अडकली आहेत, नवं पान बाहेर येत नाही, शेतकरी चिडलेले आहेत, आणि मी नळी जोडता जोडता विचार करतो की हात आणि फूल यांत फरक काय. फरक नाही. ज्याला जे सापडतं ते तो दाबतो. झुलालबाबा एकदा वाढदिवसाचा केक टाकून बसले होते.

कुंदावहिनी म्हणजे पुनाभाऊंची बायको. चार वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. त्याआधी एक दिवस त्यांचा हरिपाठ चुकला नव्हता. देवळात येता येईना म्हणून मी फोनवर हरिपाठ भरून त्यांना पाठवू लागलो, मग तोच सगळ्यांना पाठवू लागलो. ग्रुप झाला तो असा. यात मी काही योजलं नव्हतं.

वहिनी दोन डिसेंबरला गेल्या, ते तुला ग्रुपवर कळलंच. तू 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलंस. चौथ्या दिवशी मला मेसेज करून विचारलंस की एकूण किती जणांनी श्रद्धांजली टाकली आणि त्यांतले गावात राहणारे किती. मी उत्तर दिलं नाही. राग आला होता, अजून आहे.

आपल्याकडे माणूस गेलं की दारावर जातात, हे तुला सांगायला हवं असं मला वाटलं नव्हतं. तेराव्याच्या गंधमुक्तीपर्यंत कधीही जायचं. सतरंजीवर बसायचं. बोलायचं काही नाही. कोणी पाणी दिलं तर प्यायचं आणि उठायचं, निघताना 'येतो' म्हणायचं नाही. शत्रू असला तरी जातो. तू म्हणशील, माझी त्यांची ओळख नव्हती. रोज सहाला त्यांचा नमस्कार वाचत होतीस ना? धुळ्याहून जळगाव, जळगावहून रावेर, एका दिवसात येणं-जाणं होतं.

तू आमच्यात राहतेस असं लिहिलं होतंस. राहणारा माणूस दारावर येतो.

जीवराममामा


धुळे
१६ जानेवारी २०२५

मामा,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस वही उघडली नाही. चुकलं. मी शिकवते त्या कॉलेजात परीक्षा होत्या, पण ते कारण नाही. मला सुचलंच नाही, हे खरं कारण आहे. माझ्या मार्गदर्शक मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, हेही लिहून ठेव. तेव्हा मला त्यांचाही राग आला, आणि मी लिहून ठेवलं.

आता जे विचारते आहे त्याने तुम्ही पुन्हा चिडाल, तरी विचारते. पंधरा डिसेंबरपासून, म्हणजे गंधमुक्तीच्या दुसऱ्या दिवसापासून, कुंदाबाईंच्या नंबरावरून पुन्हा रोज सहाला राम कृष्ण हरी येतो. पहिल्या दिवशी मी घाबरले. मग खाली बघितलं तर सगळ्यांनी नेहमीसारखं उत्तर दिलं होतं. 'राम कृष्ण हरी वहिनी.' 'राम कृष्ण हरी काकू.' सुरतेहून, नाशिकहून, गावातून. एकानेही विचारलं नाही. नंबर कोणी काढला नाही.

मामा, मी तीन वर्षं अनेक ग्रुप बघते आहे. असं कुठे पाहिलं नाही. माणूस गेल्यावर त्याला ग्रुपमध्ये कसं सांभाळतात, यावर माझं अख्खं प्रकरण उभं राहील. कोण टाकतं ते? लोक आपसांत काय बोलतात?

भूमिका


पिंपळखेडे
२४ जानेवारी २०२५

भूमिका,

पुनाभाऊ टाकतात. सर्वांना माहीत आहे. कोणी आपसांत काही बोलत नाही. तूही बोलू नकोस.

बाकी ठीक. अक्काच्या गुडघ्याचं बघ.

जीवराममामा


पिंपळखेडे
१ एप्रिल २०२५

भूमिका,

हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितो आहे, म्हणून अक्षर बरं आलं आहे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी नवीनने ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. नवीन आपल्या गावचा, जळगावला पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर. त्याच्या बायकोच्या कॉलेजात झालेल्या परिसंवादाचा व्हिडिओ. वर त्याने लिहिलं होतं, 'आपल्या ग्रुपवर पीएच.डी., अभिमान आहे', आणि टाळ्या. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

मी केळीच्या बागेत उभा राहून बघितला. तू माइकसमोर उभी आहेस. छान बोलतेस, हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचं लिहिताना ते राहून जाईल. तू कुंदावहिनींना कमलबाई केलंस. गावाचं नाव घेतलं नाहीस. पण केळीचं गाव, हरिपाठाचा ग्रुप, अर्धांगवायू झालेली बाई, सकाळचे सहा. आमच्या गावातल्या शेळीलाही कळलं असतं. पडद्यावर आकडे होते. शहाण्णव दिवसांत शहाण्णव नमस्कार, रोजची सरासरी चौतीस उत्तरं. तू म्हणालीस, नवरा मृत पत्नीच्या जागी बोलतो आणि समूह त्याला साथ देतो. मग मागून कोणीतरी विचारलं, वर रेंज बरी येते का? सगळे हसले. तूही हसलीस.

ते मी किती वेळा मागे घेऊन बघितलं, विचारू नकोस.

दुसऱ्या दिवशी पाडवा. सहाला नमस्कार आला नाही. सव्वासहाला ग्रुपवर ओळ आली की कुंदाबाईंनी ग्रुप सोडला. त्यानंतर कोणीच काही टाकलं नाही, पाडव्याच्या शुभेच्छासुद्धा नाहीत. तुझ्या वहीत ही नोंद असेलच.

आता माझं ऐक. तू गुन्हेगार आणि मी शहाणा, असं नाही. तुझा कागद मी ग्रुपवर टाकलाच नव्हता. 'सर्वांना विचारलं' असं तुला लिहिलं, ते असं होतं: आरती झाल्यावर, प्रसादाच्या आधी, देवळात उभं राहून मी तो वाचला. अकरा माणसं होती. निम्म्यांचे डोळे प्रसादावर. झुलालबाबा म्हणाले, "आपल्या जीवरामची भाची हाये ना, मंग इचारायचं काय?" सगळ्यांनी माना हलवल्या. देवळात विचारलं म्हणजे गावाला विचारलं, असं मी धरलं. आमच्यात वर्गणीपासून मिरवणुकीच्या रस्त्यापर्यंत सगळं असंच ठरतं. सुरतेचे, नाशिकचे, पुण्याचे मिळून ग्रुपमध्ये एकशे त्रेचाळीस माणसं आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि पुनाभाऊ त्या दिवशी देवळात नव्हते. वहिनींना एकटं टाकून ते कसे येणार?

जानेवारीत तुला 'बोलू नकोस' म्हणालो, तेव्हा मला हे आठवलं होतं. तेव्हाही सांगितलं नाही. सही करून बसलो होतो.

जीवराममामा


धुळे
८ एप्रिल २०२५

मामा,

मी भीतीने हसले. तुम्हाला पटणार नाही. स्टेजवर पहिल्यांदाच उभी होते, सगळे हसले तेव्हा तोंड आपोआप तसं झालं. घरी येऊन रडले, मग झोपले, आणि सकाळी सव्वापाचला उठून पुन्हा ग्रुप उघडला. मी अशी आहे.

तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून मीही लिहिते. सही मिळाली त्याच दिवशी मी ग्रुपमध्ये आल्यापासूनचं सगळं पुन्हा वाचलं होतं. अभ्यासाची माहिती देणारी माझी सूचना तिथे नव्हती, तुम्ही माझी ओळख करून दिलीत त्या ओळीतही अभ्यासाचं नाव नव्हतं, हे मी नोव्हेंबरमध्येच पाहिलं. तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही ती टाकली असती, दोघं-तिघं नाही म्हणाले असते, आणि मॅडमनी तो ग्रुप सोडायला सांगितला असता. म्हणून विचारलं नाही. आमच्या कामाचा पहिला नियमच आहे की ज्यांच्यात बसायचं त्यांना सांगून बसायचं. मी मुलांना तो शिकवते.

आता प्रबंध मे महिन्यात जमा करायचा आहे. त्यानंतर माझ्या नोंदणीची मुदत संपते, आणि कॉलेजातली नोकरी त्यावर अवलंबून आहे. चौथं प्रकरण पूर्ण या ग्रुपवर आहे. ते काढलं तर सहा महिने तरी लागतील, ते माझ्याकडे नाहीत. मी बदल करते. केळीऐवजी दुसरं पीक टाकते, नवऱ्याऐवजी मुलगा करते, वेळ बदलते. आकडे काढून टाकते. कोणालाच ओळखू येणार नाही.

विद्यापीठाच्या समितीकडे तुमची सही आहे आणि त्यांनी काही विचारलेलं नाही. मामा, आता तुम्ही काही करू नका. पुनाभाऊंकडे मी स्वतः येऊन माफी मागते, मे झाला की लगेच. एवढं एक थांबा. आईला यातलं काही माहीत नाही.

भूमिका


पिंपळखेडे
२२ एप्रिल २०२५

भूमिका,

तुझं पत्र रामनवमीनंतर मिळालं. यंदा उत्सवात मी वीणा धरली नाही, आमच्या हरिपाठातल्या ललितच्या हातात दिली. हात दुखतो म्हणालो.

आठ दिवस तुझं ऐकायचं ठरवलं होतं. मे होऊ दे, मग बघू. काम चालू होतं. एका बागेत नळ्या साफ करायला अ‍ॅसिड द्यायचं होतं, ते देताना हातमोजे घालायचे विसरलो, बोटं भाजली. मालक ओरडला, जीवरामभाऊ, ध्यान कुठे आहे तुमचं? बरोबर ओरडला. मी तिथे नव्हतोच. तुझ्यावर चिडत होतो, तुझ्या मॅडमवर, नवीनवर, हसणाऱ्या त्या माणसावर, आणि फिरून फिरून त्या सहीपाशी येत होतो. 'मी समूहातील सर्व सदस्यांना या अभ्यासाची माहिती दिली आहे.' छापील वाक्य. त्याच्याखाली माझं नाव.

शुक्रवारी पुनाभाऊंकडे गेलो. उन्हाचं जायला नको होतं, पण थांबलो असतो तर पुन्हा घरी वळलो असतो. ते खाटेवर बसून फोनचं कव्हर पुसत होते, वहिनींच्या फोनचं. मी खाली बसलो. दारावर बसतात तसाच बसलो. बऱ्याच वेळाने तेच म्हणाले, "बोल ना आता. का तुलेबी मोजायचं हाये काही?"

मी सगळं सांगितलं. कागद, देऊळ, अकरा माणसं, सही. तुझी नोकरी आणि मुदतही सांगितली, त्यातलं काही लपवलं नाही. ते ऐकत होते. मग त्यांनी जे सांगितलं ते मलाही माहीत नव्हतं, चार वर्षं ग्रुप चालवून.

म्हणाले, "ती होती तवाबी मीच टाकत होतो. तिचा हात कुठे चालत होता? ती डोळ्यानं सांगे, मी दाबत होतो. ती गेल्यावर मी काय नवीन केलं? तेच बोट, तोच फोन."

मी विचारलं, मग सोडलं का? म्हणाले, सगळ्यांना माहीत होतं ते त्यांनाही माहीत होतं, वेडे नव्हते ते. पण आता कोणी 'राम कृष्ण हरी वहिनी' टाकलं की वाटतं हा मोजतो आहे, किंवा हा दया करतो आहे. आधी तसं वाटत नव्हतं. आधी ते उत्तर असायचं.

म्हणजे भूमिका, तुझं ते वाक्यही चुकलं आहे. नवरा मृत पत्नीच्या जागी बोलतो, हे तू सहा वाजताच्या ओळीवरून ठरवलंस. त्यांच्या घरात एकदा बसली असतीस तर पहिल्या दिवशी कळलं असतं. मीही त्यांच्याच गल्लीत राहतो, मलाही कळलं नाही, म्हणून तुला फार बोलत नाही.

निघताना पुनाभाऊ म्हणाले, "पोरीचं नुकसान नको करू. जे झालं ते झालं. तिले लिहू दे." मी हो म्हणालो नाही.

तू केळीऐवजी दुसरं पीक करशील, नवऱ्याचा मुलगा करशील. मग तो अभ्यास कोणाचा राहिला? आणि खाली माझी सही तशीच राहणार. मी शिकलेला नाही, गावच्या शाळेत दहावी. पण संध्याकाळी हरिपाठाला उभा राहतो तेव्हा पहिला आवाज माझा असतो. महिनाभर तो आवाज लागत नाही. लोक म्हणतात, घसा बसला. तो बसलेला नाही.

तू येऊन माफी मागशील, ते चांगलंच. पण ती तुझी माफी झाली. माझ्या सहीचं काय, हे मला मेच्या आधीच बघायला हवं होतं, कारण मे झाल्यावर त्याची किंमत कोणालाच पडली नसती, आणि किंमत पडत नसेल तेव्हा खरं बोलायला मला तरी सोपं गेलं असतं. तुला किती पडणार, हे मी नीट समजून केलं आहे. माझ्यावर रागाव. अक्का रागावली तर तिला म्हणावं, जीवराम येत्या रविवारी दीपनगरला येऊन स्वतः सांगेल.

परवा रविवारी सकाळी तुझा कागद मी ग्रुपवर टाकला, पाच महिने उशिरा. खाली लिहिलं की हा मी तेव्हा दाखवला नाही, चूक माझी, भाचीची नाही. एवढंच खोटं त्यात आहे. तुझं तू समितीला सांगायचं की नाही, ते तू ठरव. संध्याकाळपर्यंत एकतीस जणांनी नाही कळवलं आणि एकोणीस जणांनी हो. बाकीच्यांना मी एकेक करून फोन करतो आहे.

काल सोमवारी काम बंद ठेवून रावेरला गेलो. पोस्टाच्या बाकावर बसून तुझ्या विद्यापीठाच्या समितीच्या नावाने पत्र लिहिलं. फार लांबवलं नाही. लिहिलं की संमतीपत्रावरची सही माझी आहे, वर छापलेलं वाक्य खरं नाही, आणि त्या ग्रुपमधल्या माणसांना विचारून होईपर्यंत त्यांच्याविषयीचं काही वापरू नये. खाली पूर्ण नाव, गाव, फोन नंबर. पाकीट खिडकीतून आत दिलं. बाईने शिक्का मारला आणि ते बाकीच्या टपालात टाकलं.

जीवराममामा